साथीत माणसं एकमेकांपासून तुटतात तेव्हा काय होतं?

कोविडची साथ आली तेव्हा, मार्च 2020 च्या मध्यावर महाराष्ट्र सरकारने ठरवलं, की ज्यांना घरीच अलगीकरणात राहायला सांगितलंय त्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचा. शाई मतदानाला बोटावर लावतात ती, सहजी न निघणारी. शिक्क्यात एक तारीख, आणि त्या तारखेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मुंबईतल्या शिक्क्यावर 'मुंबईकरांचं रक्षण करतोय याचा अभिमान आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्यही होतं. घरी बसणारा माणूस शहरासाठी काहीतरी करतोय, हा त्यामागचा भाव. पण प्रत्यक्षात शिक्का दिसला की लोक बिचकू लागले. शिक्का असलेले चार प्रवासी गरीब रथ गाडीने निघाले होते, त्यांना पालघरला उतरवलं गेलं. त्यांनी प्रवास करायलाच नको होता, याबद्दल वाद नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत सगळे नियम पाळून घरात बसलेल्यांच्या दारावरूनही लोक अंग चोरून जाऊ लागले. बरे होऊन परतलेल्यांना सोसायटीत, वाडीत, गावात वेगळी वागणूक मिळाली.

साथ थोपवायला शरीराशरीरांत अंतर लागतं, त्याला इलाज नव्हता. लस नव्हती, औषध नव्हतं. पण त्या अंतरासोबत आपण आणखी बरंच काही सोसलं जे विषाणूने मागितलेलं नव्हतं: संशय, लाज, अर्धवट माहिती, न घेता आलेले निरोप. माझं म्हणणं इतकंच आहे, की या दोन गोष्टी वेगळ्या काढून बघायला हव्यात. पहिली टाळता येत नव्हती. दुसरी बऱ्याच अंशी टाळता आली असती.

एकटं असणं आणि एकटं वाटणं

संशोधक इथे दोन मोजमापं वापरतात. एक म्हणजे सामाजिक तुटलेपण. हे बाहेरून मोजता येतं: माणूस किती जणांना भेटतो, किती वेळा बोलतो, घरात कोण आहे, कुठल्या मंडळात जातो. दुसरं म्हणजे एकटेपणा. हा आतला असतो. जितकी जवळीक हवीशी वाटते आणि जितकी मिळते, त्यातली तूट म्हणजे एकटेपणा. एखाद्या निवृत्त गुरुजींना दिवसभर कुणी भेटलं नाही तरी पुस्तकं आणि बाग पुरते. आणि आठ माणसांच्या घरातली सून मनातून पूर्ण एकटी असू शकते.

हा फरक लक्षात घेतला नाही तर महासाथीच्या काळातले आकडे गोंधळात टाकतात. कोविडच्या आधी आणि कोविडदरम्यान त्याच माणसांचा एकटेपणा मोजणारे 34 अभ्यास एकत्र करून 2022 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दोन लाखांहून जास्त माणसं होती. निष्कर्ष असा, की एकटेपणा वाढला, पण सरासरी वाढ लहान होती. हे वाचून कुणी म्हणेल, मग एवढा गवगवा कशाला? तर सरासरीत काहींचं सुख आणि काहींचं दुःख एकमेकांना खाऊन टाकतं म्हणून. कितीतरी नोकरदार आईबाप त्या काळात पहिल्यांदाच मुलांसोबत रोज दुपारी जेवले. वर्गात दडपण येणारी काही मुलं घरून शिकताना मोकळी झाली. त्याच महिन्यांत वृद्धाश्रमातल्या आजींना काचेपलीकडून मुलगा बघावा लागला. दोघांची बेरीज करून भागिले दोन केलं तर हाती काय लागणार?

मानसिक आजारांचं चित्र जास्त स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंताविकारांचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2021 साली आलेल्या अंदाजानुसार 2020 मध्ये नैराश्याचे सुमारे 5 कोटी 30 लाख आणि चिंताविकाराचे 7 कोटी 60 लाख जादा रुग्ण होते. स्त्रिया आणि तरुण यांच्यात वाढ अधिक. हे सगळं एकटेपणामुळे झालं असं कुणी म्हणत नाही. रोजगार गेले, आजाराची भीती होती, घरात मृत्यू झाले. पण माणसं तुटल्यामुळे या सगळ्याचा मार जास्त बसला, कारण एरवी असा मार झेलायला जी माणसं बाजूला उभी राहतात तीच दूर होती.

शरीराला हे कसं कळतं?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लिव्हिया टोमोव्हा आणि रिबेका सॅक्स यांनी एक साधा पण नेमका प्रयोग केला. चाळीस निरोगी माणसांना एक दिवस दहा तास एकट्याला खोलीत ठेवलं: फोन नाही, कुणाशी बोलणं नाही. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना दहा तास उपाशी ठेवलं. दोन्ही वेळा नंतर मेंदूचं स्कॅनिंग करताना त्यांना चित्रं दाखवली, खाण्याची आणि एकत्र हसणाऱ्या-खेळणाऱ्या माणसांची. उपाशी माणसाच्या मध्यमेंदूचा जो भाग जेवणाचं चित्र बघून उसळतो, तोच भाग एकटं ठेवलेल्या माणसात लोकांची चित्रं बघून तसाच उसळला. प्रयोग महासाथीच्या आधीच झाला होता, प्रसिद्ध झाला नोव्हेंबर 2020 मध्ये, जग घरात बसलेलं असताना. माणसाला माणसाची भूक लागते हे आपण बोलण्यात म्हणतो, ते मेंदूच्या पातळीवरही बरंचसं खरं निघालं, आणि तेही फक्त दहा तासांत.

भूक उपयोगाची असते. ती आपल्याला उठून अन्न शोधायला लावते. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाबद्दल आयुष्यभर हेच मांडलं: हा स्वभावाचा दोष नव्हे, शरीराने दिलेला इशारा आहे. टोळीपासून दुरावलेला आदिमानव फार काळ जगत नसे, म्हणून दुरावा टोचणं गरजेचं होतं. थोडा वेळ टोचलं आणि माणूस परत आपल्या माणसांत गेला, तर काही बिघडत नाही. बिघडतं ते इशारा महिनोनमहिने वाजत राहतो आणि जायला वाट नसते तेव्हा.

अशा वेळी शरीर सतत सावध राहतं. कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं रोजचं चक्र विस्कटतं. झोप लागते पण मधूनमधून तुटते, त्यामुळे आठ तास पडून राहूनही सकाळी अंग जड. स्टीव्ह कोल आणि कॅसिओपो यांनी 2007 मध्ये दाखवलं, की दीर्घकाळ एकटं वाटणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये दाह वाढवणारी जनुकं जास्त चालू असतात आणि विषाणूंशी लढणारी जनुकं मंद असतात. शरीर जणू जखमेची तयारी करून बसतं आणि सर्दी-पडशाकडे दुर्लक्ष करतं.

यातली क्रूर गोष्ट लक्षात आली असेल. विषाणूपासून वाचायला माणूस एकटा राहतो, आणि फार काळ एकटं राहिल्याने विषाणूशी लढण्याची ताकदच कमी होऊ शकते. याचा थेट पुरावाही जुना आहे. शेल्डन कोहेन यांनी 1997 मध्ये 276 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले. आईबाप, जोडीदार, मित्र, शेजारी, सहकारी, मंडळातले सोबती अशी वेगवेगळ्या प्रकारची नाती ज्यांच्याकडे एक ते तीनच होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. जास्त माणसांत वावरणाऱ्याला सर्दी जास्त व्हावी असं आपल्याला वाटेल. झालं उलट.

दूरच्या परिणामांबद्दल ज्युलिएन होल्ट-लुनस्टॅड यांचं काम सगळ्यात भक्कम मानलं जातं. 148 अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती जमवून 2010 मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्यांची नाती घट्ट आहेत त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त होती.

हे आधी माहीत होतं का?

होतं. 2003 मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली तेव्हा हजारो लोकांना क्वारंटाइन केलं गेलं. त्यातल्या 129 जणांच्या पाहणीत 28.9 टक्के लोकांमध्ये आघातोत्तर ताणाची आणि 31.2 टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. क्वारंटाइन जितकं लांबलं तितकी लक्षणं जास्त. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये, आपल्याकडचा लॉकडाऊन सुरू व्हायला महिना असताना, सामंथा ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी अशा 24 अभ्यासांचा आढावा 'लॅन्सेट'मध्ये छापला. माणसाला काय खचवतं याची त्यात यादीच होती: लांबलेला काळ, संसर्गाची भीती, कंटाळा, अपुरं सामान, अपुरी माहिती, बुडालेली कमाई आणि समाजाने लावलेला कलंक. उपायही तिथेच होते. काळ शक्य तितका लहान ठेवा आणि मध्येच वाढवू नका. का आणि किती दिवस ते नीट सांगा. सामान पोचवा. बोलायची सोय ठेवा. हे तुम्ही दुसऱ्यांसाठी करताय याची जाणीव द्या.

आता 24 मार्चची रात्र आठवा. आठ वाजता भाषण, बारा वाजता देश बंद. सुरुवातीला 21 दिवस, मग मुदत पुन्हा पुन्हा वाढत 31 मेपर्यंत. हातावर पोट असलेल्या मजुराला किती दिवसांचं शिधासामान भरावं हे कळायला मार्ग नव्हता. ब्रुक्स यांच्या यादीतली जवळजवळ प्रत्येक ओळ त्या आठवड्यांत आपल्या रस्त्यांवर दिसली. साथ नवी होती, घाई समजू शकते. माहिती मात्र हाताशी होती.

प्लेगची आठवण

आपल्या राज्याला तर याचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा अनुभव आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागातला ताप हा प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. 2020 मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच. पुण्यात ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरून रुग्ण शोधू लागले. रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेलं जाई. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. साथीपेक्षा साथीच्या बंदोबस्ताचं भय मोठं झालं. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण रोग्याला त्याच्या माणसांपासून जबरदस्तीने तोडल्याचा राग त्यात किती होता, हे शिकवताना सहसा निसटतं.

त्याच महिन्यांत पुण्याजवळ हडपसरला ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होते. तिथेही रोगी वस्तीपासून वेगळेच ठेवलेले होते, पण ते आपुलकीच्या माणसांच्या हाती होते. सावित्रीबाईंना त्यात संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

खेड्यांनी तिसराच मार्ग काढला होता. प्लेग आला की गाव उठून माळावर, रानात जाई. झोपड्या घालून लोक महिना-दोन महिने तिथेच राहत. प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो, त्यामुळे घर सोडणं हा अगदी योग्य उपाय होता. मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. घर सुटलं, पण सोबत कुटुंब होतं, शेजारी होते, संध्याकाळी एकमेकांच्या झोपडीपुढे बसणं होतं. अंतर उंदरांपासून घेतलं होतं. कोविड श्वासातून पसरतो, तेव्हा तसंच्या तसं करता येणार नव्हतं, हे उघड आहे. पण नेमकं कशापासून दूर जायचंय आणि काय सोबत ठेवायचंय, हा प्रश्न त्यांनी बरोबर सोडवला होता.

2020 च्या गणपतीत कोकणातल्या वाड्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रूपात अनुभवला. वेशीवर बांबू आडवे टाकलेले. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला दहा दिवस अलगीकरण. ज्या शाळेत तो शिकला तिथल्याच वर्गात सतरंजी टाकून त्याची सोय, आणि घरचा डबा फाटकाशी ठेवून मागे सरकणारी वहिनी. कुठे गावाने हे प्रेमाने केलं, सकाळ-संध्याकाळ लांबून हाक मारून चौकशी केली. कुठे वर्षानुवर्षं गणपतीला वर्गणी देणारा माणूस एका रात्रीत परका झाला. अंतर दोन्हीकडे तेवढंच होतं. पहिल्या गावातला माणूस आजही ती आठवण हसून सांगतो. दुसऱ्या गावात काही घरांमधला अबोला अजून सुटलेला नाही.

म्हातारी माणसं, गर्दीतल्या बायका, मुलं

ज्येष्ठांना घरात राहायला सांगणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं, कारण मृत्यूचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त. पण त्यांचं जग लहान लहान ठरलेल्या गोष्टींवर उभं असतं: सकाळचा हास्यक्लब, देवळाचा कट्टा, गुरुवारचं भजनी मंडळ, पेन्शनसाठी बँकेतली फेरी. ते एकदम थांबलं की चालणं थांबतं, पायातली ताकद जाते, मग पडण्याची भीती वाटते आणि साथ ओसरल्यावरही माणूस बाहेर पडत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं ते समोरच्याच्या ओठांवरून अंदाज घेत असतात. मास्कने तोही आधार काढून घेतला. फोनवर त्यांना धड ऐकू येत नव्हतं. 'बाबा हल्ली बोलतच नाहीत' म्हणून मुलं काळजी करत होती, आणि बाबांना समोरच्याचं बोलणंच पोचत नव्हतं.

गर्दीतला एकटेपणा हा आणखी वेगळा. धारावी जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरची, वस्ती आठ लाखांच्या वर. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण असताना कोण कुणापासून सहा फूट लांब बसणार? तिथे सामाजिक तुटलेपणाची नेहमीची मोजपट्टी चालतच नाही. पण नळावरच्या गप्पा, कामावर जाताना लोकलच्या बायकांच्या डब्यातली मैत्री, शेजारणीकडे पाच मिनिटं टेकणं, या जागा बंद झाल्या. घरात मारहाण होत असेल तर सांगायला फोन हवा, आणि फोन नवऱ्यासमोरच घ्यावा लागे. राष्ट्रीय महिला आयोगाकडे त्या काळात घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या. ज्या पोचल्याच नाहीत त्यांची मोजदाद कुणाकडे नाही.

मुलांबद्दल आयर्लंडमधला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. मार्च ते मे 2020 मध्ये जन्मलेल्या 309 बाळांची, ती वर्षाची झाल्यावर, आधीच्या पिढीतल्या बाळांशी तुलना केली. एक अर्थपूर्ण शब्द बोलणारी बाळं 89 टक्क्यांवरून 77 टक्क्यांवर आली होती. बोट दाखवणं, टाटा करणं हेही कमी. कारण साधं: घरी कुणी येतच नव्हतं, तर टाटा करायचं कुणाला? आणि रोजचंच घर असेल तर 'ते काय' म्हणून बोट कशाला दाखवायचं? गंमत म्हणजे रांगण्यात ही बाळं पुढे होती, कारण ती सारखी घरच्या जमिनीवरच होती. पुढे दोन वर्षांची होईतो त्यांनी बरीचशी कसर भरून काढली, हेही नोंदवायला हवं. लहान मेंदू लवचीक असतो.

शाळकरी मुलांची कसर इतकी सहज भरली नाही. मुंबई-पुण्यातल्या पहिली-दुसरीच्या पोरांना पुन्हा वर्गात बसायला डिसेंबर 2021 उजाडला. अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर प्राथमिक मुलांना तपासलं, तर 92 टक्के मुलं आधी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती. हा शिक्षणाचा तोटा म्हणून मोजला गेला. पण भाषा विसरणं हे बोलायला सोबती नसण्याचंही लक्षण आहे. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, म्हणजे स्मार्टफोन नसलेलं पोर गल्लीत अंतर ठेवून का होईना, भावंडं आणि दोस्तांसोबत वाचेल. त्या भिंतींनी गणित किती शिकवलं मला सांगता येणार नाही. मुलांना घराबाहेर यायला एक कारण मात्र दिलं.

मृत्यू आणि वारी

सगळ्यात खोल जखम इथे आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही. नातेवाईक, शेजारी जेवण घेऊन येतात, कडू घास भरवतात. पुढचे दहा-तेरा दिवस माणसं येत राहतात. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं: कधी दुखायला लागलं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटचं काय बोलले. त्या वेळी हे त्रासाचं वाटतं. पण दहादा सांगून सांगूनच घडलेलं खरं वाटायला लागतं, दुःखाला शब्द मिळतात, आणि एकटीला झोपू न देणारी एखादी मावशी रात्री शेजारी असते. कोविडमध्ये अंत्यविधीला वीस जणांची मर्यादा होती, आणि कोविडनेच मृत्यू झाला असेल तर अनेकांना चेहराही नीट बघता आला नाही. 23 मार्च 2020 ला बंद झालेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा 27 मार्च 2022 ला पूर्ववत झाली. मधल्या काळात खास विमानं होती, पण तिकीट, चाचणी, अलगीकरण यातून वेळेवर पोचणं बहुतेकांना जमलं नाही. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसलेल्या मुलाने पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीतला अग्नी चुलतभावाने धरलेल्या फोनवर पाहिला, आणि नेटवर्क गेलं की तेही नाही.

दुःख मध्येच अडकून राहणं याला आता वैद्यकशास्त्रात वेगळं स्थान आहे. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश झाला: सहा महिन्यांहून जास्त काळ टिकणारी, रोजचं जगणं अडवणारी ओढ आणि वेदना. निरोप न घेता आलेल्यांमध्ये अपराधीपणाही मोठा असतो. कोविडमध्ये वडील गेलेल्या एखाद्याला आज इतक्या वर्षांनी बसून सगळं पहिल्यापासून सांगायला सांगा. बहुतेक जण सांगतात, आणि बराच वेळ सांगतात.

वारीचंही तसंच. 2020 आणि 2021 मध्ये पालख्या चालत निघाल्या नाहीत; पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. देवाची भेट झाली. पण मराठवाड्यातल्या एखाद्या वारकरी आजीसाठी दिंडी म्हणजे वर्षातून एकदा भेटणाऱ्या मैत्रिणी, एकत्र चालणं, एका ताला-सुरात गाणं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाच्या प्रयोगांत दिसलंय, की एकत्र गायल्यावर वेदना सहन करण्याची ताकद वाढते आणि अनोळखी माणसंही लवकर जवळ येतात. टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणात हे मिळत नाही.

मोकळीक मिळाल्यावरही दार का उघडत नाही?

निर्बंध उठले की सगळं पूर्ववत होईल असं वाटलं होतं. बऱ्याच जणांचं झालंही. पण काहींना भेटीगाठी नकोशा वाटू लागल्या आणि आपलं काय बिघडलंय हे त्यांना कळेना. कॅसिओपोंच्या कामातून याचं उत्तर मिळतं. फार काळ एकटा राहिलेला मेंदू रात्रभर जागणाऱ्या राखणदारासारखा होतो. त्याला प्रत्येक पावलाची चाहूल चोराची वाटते. समोरच्याने फोन उचलला नाही तर 'कामात असेल' असं मनात येत नाही, 'टाळतोय' असं येतं. मग माणूस स्वतःच मागे सरतो आणि एकटेपणा पक्का होतो. म्हणून अशा माणसाला 'जरा बाहेर पड, मिसळ' असा उपदेश लागू पडत नाही. थोडी थोडी, ठरलेली, कमी माणसांची भेट पचते. लग्नाच्या मांडवात एकदम नेऊन बसवलं तर तो आणखी मिटतो.

काय उपयोगी पडतं याचे चांगले पुरावे याच काळात मिळाले. टेक्सासमध्ये घरपोच जेवण घेणाऱ्या 240 वयस्कर लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना 17 ते 23 वयाच्या पोरापोरींनी चार आठवडे फोन केले. ती डॉक्टर नव्हती, समुपदेशक नव्हती. त्यांना फक्त नीट ऐकायचं आणि त्या माणसाला ज्यात रस आहे त्याबद्दल विचारायचं थोडं प्रशिक्षण दिलं होतं. चार आठवड्यांनी ज्यांना फोन आले त्यांचा एकटेपणा, नैराश्य, चिंता तिन्ही कमी झाल्या. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) कॉलेजातली मुलं आहेत, गणेश मंडळं आहेत. शिधा वाटायला ती धावलीच होती. फोनची यादी करायला कुणी सांगितलं नाही.

नेदरलँड्सने मे 2020 मध्ये 26 वृद्धनिवासांत प्रत्येक रहिवाशाला एक ठरलेला भेटीदार, नियम पाळून, येऊ दिला. पुढच्या तीन आठवड्यांत या भेटींमुळे एकही नवा संसर्ग नोंदला गेला नाही. नंतर तिथे ही पद्धत वाढवली. आपल्या कोविड वॉर्डांमध्ये पीपीई किट घालून दिवसातून दहा मिनिटं एका नातेवाइकाला आत सोडलं असतं तर? किटचा तुटवडा होता तेव्हा नाही, पण नंतर शक्य होतं असं मला ठामपणे वाटतं. तेही जमत नसेल तर वॉर्डात एक टॅब आणि तो धरायला एक माणूस, एवढं तरी.

सप्टेंबर 2020 पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन तपासत होत्या. घरोघर जाणारी एवढी मोठी यंत्रणा फार थोड्या देशांत असेल. पुढच्या साथीत त्यांच्या वहीत आणखी एक रकाना घालता येईल: या आठवड्यात कुणाशी बोलणं झालं का? उत्तर 'नाही' आलं तर त्या घराला ठरावीक दिवशी फोन. या कामाचे आशांना वेगळे पैसे मिळायला हवेत, कारण त्या वेळी त्यांनाही वस्तीत 'रोग आणणारी' म्हणून बोल ऐकावे लागले आणि तरीही त्या फिरल्या.

आज, साथ नसतानाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक जण एकटेपणाने त्रस्त आहे. त्या काळात मागे सरकलेलं आणि अजून परत न आलेलं कुणी तुमच्या घरात किंवा बिल्डिंगमध्ये असेल, तर टेक्स्टपेक्षा आवाजी फोन करा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आणि त्यांना बोलू द्या. झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच गेलं असेल किंवा जगणं नको असं बोलणं येत असेल, तर वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.